कानात कापूस

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून मी घरी आणलेली एकमेव सरकारी वस्तू म्हणजे एक रबरी शिक्का. त्याला चोरी म्हणू नका, तो टाकूनच द्यायचा होता. 'अपंग कल्याण' अशी उलटी अक्षरं त्यावर आहेत. 'दिव्यांग' हा शब्द आला तसे नवे शिक्के आले, नव्या पाट्या लागल्या आणि हा ड्रॉवरच्या तळाशी टाचण्यांच्या डबीशेजारी पडून राहिला. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. नाशिकमधलंच, एवढं पुरे. तीस वर्षं मी तिथे फायली पुढे ढकलल्या. त्या काळात सगळ्यांत जास्त वेळा टाइप केलेले शब्द कोणते असतील, तर 'असे वाचावे'. अमुक शब्दाऐवजी तमुक असे वाचावे. शुद्धिपत्रक. खाली साहेबांची सही.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, "मावशी, तू जन्मभर पॉलिटिकल करेक्टनेसचा पगार घेतलास." म्हणजे कुणी दुखावू नये म्हणून शब्द जपून वापरणं. या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. कुणी 'राजकीय सभ्यता' म्हणतं, पण त्यात मला ना राजकारण दिसतं ना सभ्यता. आपल्याकडे या प्रकाराला दोन जुने शब्द आहेतच की. एक सोवळं, दुसरा भीड. सोवळ्यात शब्द धुऊन घेतात आणि भिडेपोटी तो गिळतात. सरकारात दोन्ही चालतं, फौजेतही.

फौजेचं मी कशाला बोलतेय, तर अण्णांमुळे. माझे वडील तोफखान्यात होते. सिन्नर तालुक्यातून अठराव्या वर्षी नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला भरती झाले, एकाहत्तरची लढाई पाहिली, हवालदार म्हणून बाहेर पडले आणि येताना कान तिकडेच ठेवून आले. हे त्यांचंच वाक्य. आमच्या घरात 'बहिरा' या शब्दाला कुणी दचकत नसे. दारात कुणी आलं की अण्णा स्वतःच सांगत, "जोरात बोला, बहिरा माणूस आहे, तोफेवरचा." 'तोफेवरचा' म्हणताना छाती बोटभर पुढे यायची.

म्हातारपणी त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं ठरलं. एस. टी.ची सवलत त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळतच होती, पण श्रवणयंत्रासाठी कागद हवा होता. एका सरकारी इमारतीत शिबिर होतं. मांडव, सतरंज्या, पाण्याचे जार, सगळं नीट. कर्णबधिरांची रांग वेगळी केलेली होती आणि त्या रांगेतल्या लोकांना लाउडस्पीकरवरून नावं पुकारून बोलावत होते. "दिव्यांग बांधवांना नम्र विनंती..." असं सुरू व्हायचं, आणि रांगेतले सगळे बांधव शांतपणे आपापल्या नातेवाइकांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

अण्णांनी मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय?

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "तुम्हाला दिव्यांग म्हणतायत."

"म्हंजे?"

"ज्याचं अंग दिव्य आहे असा."

अण्णांनी कानाची पाळी दोन बोटांत धरली. "मग ऐकू का येईना?"

पुढचा-मागचा माणूस हसला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण कानाची पाळी धरलेली दिसली होती.

हा प्रश्न नवा नाही, आणि नाशिककरांनी तो फार आधी विचारून ठेवलेला आहे. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यातली दुरुस्ती चर्चेला आली. तिच्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. त्याला विरोध करायला उभे राहिले ते आपले दादासाहेब गायकवाड, आंबे-दिंडोरीचे, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे नाशिकमधले उजवे हात. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही देवाची माणसं, तर मग बाकीचे कुणाची? बाबासाहेबांचंही म्हणणं असंच, की गोड नाव दिल्यानं आमच्या हाती काही पडत नाही. सरकार ऐकेना, तेव्हा त्यांचा पक्ष सभागृहातून उठून गेला. 'हरिजन' असो की 'दिव्यांग', दोन्ही शब्दांत देव आहे. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या लक्षात आलेली ही एक गोष्ट: शासनाला जिथे तिजोरी उघडायची नसते तिथे देवाला पुढे करतात. २०१६ मध्ये अपंगांच्या संघटनांनीही 'दिव्यांग' शब्दाला हाच आक्षेप घेतला होता, की आमचं अपंगत्व हे देवाचं देणं वगैरे नाही, आम्हाला जिना चढता येत नाही एवढंच आहे, तेव्हा रॅम्प बांधा.

आता न्यायाचं बोलायचं तर त्याच वर्षी नवा कायदाही आला, आणि तो खरोखर चांगला होता. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात एकवीस झाली. नोकऱ्यांतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार झालं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी बाजूला काढायचा निधीही तीनाचा पाच टक्के झाला. माझ्या टेबलाशी येणारा माणूस त्या पाच टक्क्यांचं विचारायचा. शब्दाचं विचारायला एकही आला नाही.

शब्द बदलूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या खानेसुमारीत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे रकाने असायचे आणि माणसं त्यांत वाटाण्यासारखी निवडून टाकलेली असायची. ते रकाने गेले हे बरंच झालं. आणि शब्दानं अपमान कसा होतो हे आम्हा नाशिककरांना कुणी शिकवायला नको, कारण आमचं एक अख्खं गाव इंग्रजी शब्दकोशात वेड्याच्या अर्थानं जाऊन बसलंय. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणारे गोरे सोल्जर बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. उन्हाळा, रिकामपण, दारू, ताप. त्यातून डोकं फिरलेल्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणायचे. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. हा शब्द मागे घ्या म्हणून देवळालीतून एखादा मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट कॅम्पातले लोक पाहुण्यांना ही गोष्ट हौसेनं सांगतात.

वस्त्यांच्या नावांचं काम माझ्या नोकरीच्या अखेरीस आलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी यायची. निर्णय शंभर टक्के योग्य. मनापासून सांगते, ते शुद्धिपत्रक टाइप करताना मला पहिल्यांदाच काहीतरी चांगलं करतोय असं वाटलं. पण दुसऱ्याच आठवड्यात दलित वस्ती सुधार योजनेची फाईल आली. त्या योजनेत गटार आणि रस्त्याचे पैसे हवे असतील, तर वस्तीत अनुसूचित जातीची लोकसंख्या किती ते दाखवावं लागतं. मग 'समतानगर' एवढंच लिहून भागेना. जुन्या याद्यांशी मेळ लागेना, लेखाशाखा परत पाठवू लागली. शेवटी आम्ही तोडगा काढला: 'समतानगर (पूर्वीचा महारवाडा)'. पुढच्या प्रत्येक कागदावर तो कंस तसाच. मी निवृत्त झाले तेव्हाही तो तिथेच होता. गावातला पत्ता सांगणारा माणूसही "समतानगर? म्हणजे ते खालच्या अंगाचं ना?" असंच विचारतो. खालच्या अंगाचं. त्याला कुठलं शुद्धिपत्रक काढायचं?

आईचं तर वेगळंच. अण्णा गेले २०२३ च्या जुलैत. दशक्रियेची पत्रिका छापायला दिली तर छापखानेवाल्यानं विचारलं, "ताई, आईंच्या नावापुढे गं. भा. लावू ना?" त्याचा दोष नाही, जुनी रीत आहे. एप्रिलमध्येच राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी खात्याला पत्र लिहून 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असं सुचवलं होतं आणि त्यावर गदारोळ होऊन गेला होता. इथेही नदी, इथेही देव. आई म्हणाली, "श्रीमती लाव. गंगेत जायला अजून वेळ आहे मला." त्या वेळी मला कोल्हापूरकडचं हेरवाड आठवलं. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये त्यांच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. बाईला काय म्हणायचं याबद्दल त्यांनी डोकं चालवलं नाही. आईच्या बांगड्या आम्ही फोडल्या नाहीत. आत्याबाईंनी तोंड फिरवलं, पण त्या बोलल्या काही नाहीत.

लष्कराचं सांगायचं तर मेजर काकांना आणावं लागेल. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, निवृत्त, मराठी माणूस, बोलायला खणखणीत. फौज बिघडली ती या 'वोक', म्हणजे शब्दाशब्दाला जपणाऱ्या लोकांमुळे, असं त्यांचं ठाम मत. पुरावे ते अमेरिकेतले देतात, आणि त्यांतला एक पुरावा खरोखर बिनतोड आहे. ५ नोव्हेंबर २००९ रोजी टेक्सासमधल्या फोर्ट हूड या लष्करी तळावर निदाल हसन नावाच्या मेजरनं गोळीबार करून १३ जणांना मारलं. हा माणूस लष्करातलाच मानसोपचारतज्ज्ञ. त्याचे विचार कुठल्या दिशेनं चाललेत हे सोबतच्यांना वर्षानुवर्षं दिसत होतं. तो वर्गात उभं राहून बोलत होता. तरीही त्याच्या वार्षिक अहवालांत चांगलंचुंगलं लिहिलेलं सापडलं. सिनेटच्या समितीनं २०११ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की मुसलमान सहकाऱ्याविरुद्ध बोललो तर आपल्यालाच नावं ठेवली जातील, या संकोचानंही वरिष्ठांचे हात बांधले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तिच्यापायी तेरा जीव गेले.

हे मी मान्य केलं. पण सरकारी नोकरी केलेल्या माणसाला त्या गोष्टीत आणखी एक ओळखीचा चेहरा दिसतो, तो मेजर काकांना दिसत नाही. गोपनीय अहवाल! आमच्याकडे प्रतिकूल शेरा मारायचा म्हणजे पुरावा जोडा, तो संबंधिताला कळवा, त्याचं निवेदन येईल त्याला उत्तर द्या, पुनर्विलोकन अधिकाऱ्याला तोंड द्या. त्यापेक्षा 'चांगला' लिहून मोकळं व्हावं आणि माणसाची बदली कुठे होते ते पाहावं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शेरा वाईट असो की उत्तम, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. निर्णय न्याय्य होता, पण त्यानंतर साहेब लोकांची लेखणी आणखी गोड झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ दुपारनंतर कधी शुद्धीवर नसे. त्याचे सगळे अहवाल 'चांगला' होते. तो ना अल्पसंख्य होता ना स्त्री ना दिव्यांग. तेव्हा सगळ्या भिडेचं खापर एकट्या राजकीय सभ्यतेवर फोडण्यात अर्थ नाही.

आणि हवा उलटी फिरली की काय होतं तेही अमेरिकेनंच दाखवलं. २०२५ मध्ये पेंटॅगॉननं, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्यानं, विविधता, समावेशकता असल्या शब्दांवर झाडू फिरवायला घेतला. काढून टाकायच्या छायाचित्रांच्या यादीत २६ हजारांहून जास्त छायाचित्रं निघाली, आणि त्यांत एनोला गे या विमानाचीही होती! हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान. वैमानिकाच्या आईचं नाव त्याला दिलं होतं, पण नावात 'गे' आलं ना. संगणकानं शब्द पाहिला आणि खूण केली. फोर्ट ब्रॅगची गंमत तर याहून सरस. हा ब्रॅग गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा सेनापती, म्हणून २०२३ मध्ये तळाचं नाव फोर्ट लिबर्टी केलं. २०२५ मध्ये नव्या सरकारला जुनं नाव हवं झालं, पण त्या बाजूच्या माणसांची नावं द्यायला कायद्यानं बंदी. मग त्यांनी दुसऱ्या महायुद्धातला ब्रॅग याच आडनावाचा एक सैनिक शोधून काढला आणि जाहीर केलं की तळाचं नाव फोर्ट ब्रॅग, पण ते या ब्रॅगचं. तीस वर्षं शुद्धिपत्रकं काढलेल्या बाईचा या कल्पनेला सलाम. आमच्या साहेबांना हे जन्मात सुचलं नसतं. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथल्या संरक्षण खात्याला 'युद्ध खातं' म्हणण्याचाही आदेश निघाला. पाटी बदलली. शिक्केही बदलले असतील.

मेजर काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते थोडे हसले आणि मग त्यांच्या मूळ मुद्द्यावर आले. तो म्हणजे बायका. "वहिनी, एकशे पंचावन्न मिलिमीटरचा गोळा त्रेचाळीस किलोचा असतो. तुम्ही त्याला काहीही म्हणा, तो बेचाळीस होत नाही." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. ज्याला गोळा उचलायचा आहे त्याचा कस त्रेचाळीस किलोवरच लागला पाहिजे. यात सोवळंओवळं काही नको.

पण सरकारनं कोर्टात हा मुद्दा मांडला होता का? फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा खटला चालू होता. १९९२ पासून बायका अधिकारी म्हणून घेत होते, पण अल्पमुदतीच्या. सरकारच्या लेखी निवेदनात एक कारण असं होतं की फौजेतले जवान बहुतांश ग्रामीण भागातले पुरुष आहेत आणि स्त्रीच्या हुकमाखाली काम करायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. १७ फेब्रुवारीला निकाल लागला, न्यायालयानं ते सगळं फेटाळलं. दुसऱ्या दिवशी अण्णा भिंगाखाली पेपर वाचत होते. ऐकू येत नसल्यामुळे ते पेपर अक्षरन्‌अक्षर वाचत, जाहिरातींसकट. ही बातमी त्यांनी दोनदा वाचली, भिंग खाली ठेवलं.

"आमी खेड्यातले, म्हणून बाईचा हुकूम मानणार नाई?" मग स्वयंपाकघराकडे बघून, "घरी कोणाचा मानत होतो मग?"

आई आतून म्हणाली, "काय म्हणतायत?"

"काही नाही," मी ओरडले.

मला त्या दिवशी लक्षात आलं की हेही एक सोवळंच. आम्हाला बाई नको, हे म्हणायची दिल्लीतल्या साहेबांना लाज वाटत होती, म्हणून त्यांनी सिन्नरच्या जवानाला पुढे केलं. जवानाला विचारायला कुणी आलं नव्हतं. संध्याकाळी मी मेजर काकांचा त्रेचाळीस किलोचा मुद्दाही अण्णांना लिहून दाखवला. त्यांनी पाटीवर लिहिलं, कारण बोलण्यापेक्षा लिहिलं की ते पक्कं होतं असं त्यांना वाटे: "गोळा आम्ही उचलायचो. आफिसरने उचललेला मी पाहिला नाही." ती पाटी मेजर काकांना दाखवायचं धाडस मला झालं नाही. बघा, भीड.

अण्णांच्या स्वतःच्या कानाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फौजेतून बाहेर पडताना मेडिकल बोर्डापुढे उभं केलं होतं. डिसॅबिलिटी पेन्शनला किमान वीस टक्के अपंगत्व लागतं. यांचं वीसच्या आत भरलं. काही मिळालं नाही. पुढे ऐकू येणं झपाट्यानं कमी होत गेलं, पण कागद तेव्हाचा. लष्करानं २०१८ हे वर्ष कर्तव्य बजावताना अपंगत्व आलेल्या सैनिकांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा अण्णांना कौतुक वाटलं होतं. ते गेल्यावर दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं अपंगत्वाच्या भरपाईचे नवे नियम लागू केले. अपंगत्व असूनही नोकरी पुरी करणाऱ्यांना जो 'डिसॅबिलिटी एलिमेंट' मिळायचा त्याचं नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं. माजी सैनिक खवळले, कारण त्यांना ठाऊक आहे की सरकारी कागदावर शब्द बदलला की त्याच्या मागोमाग आकडा हलतो. आणि या वेळी तर शब्द कुणाच्या भावना जपायला बदललेला नव्हता. सोवळ्याची भाषा पैसे वाचवायलाही वापरता येते, हे मला ऑफिसात कधीच शिकवलं नव्हतं. माझ्या हातून अशी किती शुद्धिपत्रकं गेली असतील, कोण जाणे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधली एक सकाळ आठवते. आदल्या वर्षी मे महिन्यात आमच्या नाशिकमधल्याच गांधीनगरच्या लष्करी हवाई प्रशिक्षण संस्थेतून कॅप्टन अभिलाषा बराक लढाऊ हेलिकॉप्टरच्या वैमानिक म्हणून बाहेर पडल्या होत्या. लष्करातल्या पहिल्याच महिला. तेव्हापासून उपनगरावरून हेलिकॉप्टर गेलं की अण्णा वर बघत. आवाज कानाला कळत नसे, छातीत कळतो म्हणायचे. आता तोफखान्याची पाळी होती. २९ एप्रिलला चेन्नईच्या अकादमीतून पाच महिला अधिकारी थेट आर्टिलरी रेजिमेंटमध्ये दाखल झाल्या. ज्या रेजिमेंटनं अण्णांचे कान घेतले तिच्यात.

३० तारखेच्या पेपरात फोटो होता. त्या सकाळी देवळालीच्या रेंजवर फायरिंग चालू होतं. आमच्याकडे खिडकीची काच अशा वेळी बारीक थरथरते. अण्णा खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते, एक तळवा काचेला टेकवलेला, दुसऱ्या हातात भिंग. फोटोतल्या एकेका पोरीवरून भिंग सरकत होतं. चेहऱ्यांवर ते थांबलं नाही. टोपीच्या कडेखाली, कानांपाशी थांबलं.

बराच वेळ झाला. मग त्यांनी पाटी मागितली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची त्यांना कायम धास्ती.

"कोणी ओळखीचं असेल तर कळव. कापूस नीट घालायचा म्हणावं. दोन्ही कानात."